क्लचवरचा सावध पाय

आमच्या बेव्हर्ली पार्कमधल्या सोसायटीच्या अध्यक्षांना काशीमीऱ्याच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. अकराच्या मुहूर्ताला पोचणं हा त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. मी शेजारी राहतो, म्हणून गाडीतही शेजारीच बसलो होतो.

अध्यक्षांचा डावा पाय कायम क्लचवर असे. "सावध माणूस पाय उचलत नाही," असं ते म्हणत. खरं तर क्लचचं काम साधं आहे. पाय काढला की त्याची प्लेट इंजिनाला घट्ट धरते आणि गाडी चालते. दाबला की सोडते. नुसता टेकवून ठेवला, तर ती धड धरत नाही, धड सोडत नाही, घासून जळते.

पुलाच्या चढावर इंजिन ओरडू लागलं, पण गाडी हलेना. जळका वास आला.

"कुणीतरी कचरा पेटवलाय," अध्यक्ष म्हणाले.

जवळच्या गॅरेजवाल्याने आत डोकावून आधी त्यांचा पाय पाहिला. "अंकल, प्लेट खतम. ये पैर रखने का स्टूल नहीं है."

"मला अकराला फीत कापायचीय!"

"तो फिर खींच के ले जाता हूँ."

त्याने गाडी दोरीने टेम्पोला बांधली. मांडवापाशी बँडवाल्यांना ती मिरवणूकच वाटली आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अकराला पाच मिनिटं कमी होती. अध्यक्ष खिडकीतून हात हलवत होते. मी खाली पाहिलं. गाडी दोरीवर चालली होती, तरी पाय क्लचवरच होता.