आईच्या नावाची पावती
ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास आला की मला घाटकोपरची ती वखार आठवते. वडील जाऊन पंधरवडा झाला होता. आमच्या खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर होती, आणि काका म्हणत होते, "वहिनी, तुम्ही कशाला धावपळ करता? मी माझ्या नावावर करून घेतो." दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन आई घरमालकाच्या वखारीत गेली. तोवर ती परक्या पुरुषाशी कधी बोललीसुद्धा नव्हती. शेठ म्हणाले, "बाई, दिराला पाठवा." "खोलीत मी राहते, पावतीही माझ्याच नावाची हवी," असं म्हणून ती तिथल्याच एका ओंडक्यावर बसली. करवत थांबवून मजूर बघू लागले. बऱ्याच वेळाने शेठनी पावती लिहिली. आईने ती वाचली आणि परत केली. "यात तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव घालून पुढे नुसतं 'विधवा' लिहिलंय. मला नाव आहे." शेठनी नवी पावती लिहिली. घरी काका वाट बघत होते. "बसा भाऊजी, चहा टाकते," आई पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाले, पण माझ्या नातींना तिची ओळख करून देताना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगते.