महादेवीवैनीचं न सांगता येणारं दुखणं

तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावून मी वह्या तपासत होते, तेव्हा स्टेशनवरचा पोर्टर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. जेऊरला आमच्या घरी फोन नाही. माझे यजमान रेल्वेत असल्यामुळे बरी-वाईट बातमी स्टेशनच्या फोनवरच येते. "बाई, सोलापूरहून निरोप आलाय. तुमच्या वहिनी गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि टोपी काढून हातात धरली. मी विचारलं, "कोण वहिनी?" मला एकच भाऊ आणि एकच वहिनी. तरी विचारलं... पुढच्या गाडीनं निघाले. डब्यात समोरच्या बाईनं भाकरी पुढे केली, ती मी नुसती हातात धरून बसले. महादेवीवैनी जेमतेम चाळिशीची. तिच्या अंगात काय होतं आणि ते घेऊन ती कशी जगली, हे सगळं ठाऊक असलेली त्या गाडीत मी एकटीच होते, आणि सोलापुरात उतरल्यावरही जवळपास एकटीच असणार होते. आज दीड महिन्यानं हे लिहिते आहे. घरातल्या काहींना आवडणार नाही. पण तिची मुलगी गौरी म्हणाली, "आत्या, तू लिही. आईला चाललं असतं."

वैनी मंद्रूपची. शुक्रवार पेठेत आमचं भुसार मालाचं दुकान, मागं घर. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. कानडी-मराठी दोन्ही सारख्याच वेगानं बोलायची, भांडताना मात्र कानडी. पहिल्या पंचमीला पेठेतल्या सगळ्या मुली आमच्या परसात जमल्या होत्या, तेव्हा तिनं आम्हांला एक गंमत दाखवली. हाताचा अंगठा मागं वाकवून तिनं मनगटाला चिकटवला. मग दोन्ही कोपरं उलट्या बाजूला वळवली. आम्ही किंचाळलो, हसलो, पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, ओसरीवरून म्हणाली, "हाडं हायत का लोणी?" वैनी हसून म्हणाली, "अव्वा, आमच्या मंद्रुपात मला बघायला बाजारादिवशी पोरं जमायची की." तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची असेल. इतकी मोकळी हसलेली मी तिला फार थोड्या वेळा पाहिली.

त्या लवचिक अंगाची दुसरी बाजू हळूहळू दिसू लागली. पाणी शेंदताना तिचा खांदा निसटायचा. ती दोर पायाखाली धरायची, दुसऱ्या हातानं खांदा जागेवर बसवायची आणि पुन्हा ओढायला लागायची. जरा कुठं लागलं की काळं-निळं व्हायचं. चालताना पाय मुरगळायचा. अव्वाला वाटायचं, ही कामाला कंटाळते. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, बायकांच्या तक्रारीत पडत नसे. तीन बाळंतपणं घरीच झाली, तिसरं फार अवघड गेलं. पण पोर धडधाकट होतं, मग बाईचं काय झालं हे कोण विचारणार? बाराव्या दिवसानंतर ती पुन्हा चुलीपुढं होती. त्यानंतर दुष्काळाचं साल आलं. विहिरीनं तळ गाठला, नळाला पाणी येईना. टँकर आला की पेठेतल्या बायका धावायच्या. वैनी डोक्यावर हंडा, कमरेवर घागर घेऊन खेपा करायची. अशाच एका खेपेला, घागर उचलताना, तिच्या अंगातून काहीतरी खाली सरकलं.

हे तिनं मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. न्हाणीघरात जाऊन तिनं हात लावून पाहिलं, तर मांसाचा गोळा हाताला लागला. तिला वाटलं, आतडं बाहेर आलं, आता आपण मरणार. ती तिथंच ओल्या फरशीवर आडवी झाली. थोड्या वेळानं तो गोळा आपोआप आत गेला, तशी ती उठली आणि उरलेलं पाणी भरायला गेली. कुणाला सांगायचं? अव्वाला? अण्णाला? मंद्रूपला आई नव्हती. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

मग तिचं जग आकसत गेलं. उभं राहिलं की ओढ लागायची, उकिडवं बसलं की अंग बाहेर यायचं, शिंक आली, खोकला आला की लुगडं ओलं व्हायचं. तिनं लग्नाकार्याला जाणं सोडलं. पंगतीत बसेना. देवळात गेली तर दारातून हात जोडून परत. लोक म्हणू लागले, दुकान चालायला लागलं तशी शिष्ट झाली. दुपारी जेवणं झाली की मधल्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. अव्वा मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "राणी सरकार निजल्या!" अण्णा दुकानातच झोपायला लागला. ती अशी दूर का राहते, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एका छपराखाली सात माणसं, आणि ती दिवसभर कुणाशी चार वाक्यं बोलत नसे.

मी एका दिवाळीला माहेरी आले होते. चकल्या तळून झाल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, ओठ दाबून, एक हात ओटीपोटाखाली घट्ट धरून. मी विचारलं, "वैनी, काय होतंय?"

"काय न्हाय."

"माझ्यापाशी तरी..."

तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझं अंग बाहेर येतंय गं शांता. लई दिस झालं. मी वंगाळ हाय का गं? काय पाप केलंय मी?"

मी नुसता तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी, मलाच बरं नाही असं घरी सांगून, आम्ही दोघी टांग्यानं एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयस्क होत्या, बोलायला कडक. तपासून झाल्यावर त्यांनी वैनीला हात पुढं करायला सांगितला आणि अंगठा मागं वाकवून पाहिला. खांद्याचं विचारलं, काळ्या-निळ्या डागांचं विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून सांगू लागल्या. सांधे धरून ठेवणारे पट्टे काही माणसांत जन्मतःच सैल असतात. गर्भपिशवीला आत धरून ठेवणारे पट्टेही त्यातलेच. तुझे सगळेच सैल. त्यात बाळंतपणं, त्यात हे पाण्याचं ओझं. पिशवी खाली येणार नाही तर काय होईल?

वैनीनं विचारलं, "म्हंजी माजी चूक न्हाय?"

"तुझी कसली चूक?" बाई जवळजवळ रागावल्याच.

वैनी तिथं जी रडायला लागली, ती थांबेना. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना वाटलं असेल, काहीतरी भयंकर निघालं.

ऑपरेशन झालं. अण्णानं सही केली, पण घरी सगळ्यांना 'अपेंडिक्स' म्हणून सांगितलं गेलं. भेटायला येणाऱ्या बायका अपेंडिक्सच्या गोष्टी सांगायच्या आणि वैनी मान हलवायची. अण्णा एकदा आला, दारात उभा राहून "बरं हाय न्हवं?" म्हणाला, मोसंबी ठेवून गेला. वर्षभर बरं गेलं. मग पुन्हा ओढ सुरू झाली. बाई म्हणाल्या, तुझ्या अंगात टाके धरत नाहीत, पुन्हा कापून उपयोग नाही. त्यांनी आतून आधाराला रबराची रिंग बसवली. ती काढायची कशी, धुवायची कशी, पुन्हा बसवायची कशी, हे शिकवलं. वैनी शिकली. त्या रिंगेच्या आधारानं ती पुन्हा चुलीपुढं उभी राहू लागली, दळणाला जाऊ लागली. लोकांत मात्र पुन्हा मिसळली नाही. "सवय मोडली गं," म्हणायची. "आता मला माणसात काय बोलायचं तेच कळत न्हाय."

अशी ही बाई. तिनं पुढं जे केलं, त्याला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गौरीचं लग्न अक्कलकोटकडच्या एका चांगल्या घरात जवळजवळ ठरलं होतं. गौरीचाही अंगठा तसाच वाकतो. मुलाची आई साखरपुड्याचं बोलायला आली, तेव्हा वैनीनं तिला मधल्या खोलीत नेलं आणि कानडीतून सगळं सांगितलं. स्वतःचं दुखणं, ऑपरेशन, रिंग, सगळं. म्हणाली, माझ्या लेकीलाही माझंच अंग आलंय. तिची बाळंतपणं दवाखान्यात करा, नंतर तिला ओझं उचलायला लावू नका, एवढं कबूल करा. ती बाई चहा न पिता उठली. आठवडाभरात नकार आला, आणि नकारामागचं कारण पेठभर झालं.

अव्वा म्हणाली, "लेकीचं वाटोळं केलंस." अण्णानं बोलणंच टाकलं. गौरी, जिच्यासाठी हे केलं, ती आईनं वाढलेलं ताट बाजूला सारून उठायची. तो सगळा उन्हाळा वैनी सर्वांची जेवणं झाल्यावर एकटीच जेवली. मी मे महिन्यात गेले तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "शांता, मला कुनी आधी सांगितलं न्हवतं. तिला मी बी सांगितलं न्हाय, तर कोन सांगनार?" तव्यावरची भाकरी करपत होती, तिचं लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं. सगळ्यांनी तिला बजावलं. तिनं पुन्हा सांगितलं. गौरीच्या आताच्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दवाखान्यात करू की. त्यात काय एवडं?" लग्न झालं. वैनी मांडवात पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. गौरी निघताना आईच्या गळ्यात पडली नाही, पाया पडली आणि निघाली. वैनीनं ते मनावर घेतलं नाही असं मला सांगितलं... मला खरं वाटलं नाही.

या पावसाळ्यात एका सकाळी, गहू निवडताना, तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. काळजाजवळची मोठी शीर फुटली म्हणाले. डॉक्टरीणबाईंना मी नंतर भेटले. त्या म्हणाल्या, अशा अंगात कधी कधी शिराही सैल असतात. आधी कळायला मार्ग नसतो.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. जिला इतकी वर्षं धड बसता आलं नाही, तिला मांडी घालून बसवलं. पाय सहज दुमडले गेले. म्हाताऱ्या माणसांनासुद्धा आश्चर्य वाटलं. गौरी सासूबाईंबरोबर आली होती, सहावा महिना लागलेला. सासूबाईंनी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. ते बघून गौरी पहिल्यांदा रडली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. दुपारी मी अव्वाजवळ बसले होते. ती बराच वेळ लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती. मग हळूच म्हणाली, "ती डॉक्टरीणबाई... म्हाताऱ्या बाईला बगते का गं?"

मी म्हटलं, "का? काय होतंय तुला?"

"तेच की. हिला हुतं तेच." ती भिंतीकडं बघत होती. "तू झालीस तवापास्नं हाय. आमच्या येळी सांगायची रीत न्हवती."

भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका, इतकी वर्षं...

"वैनीला का न्हाय सांगितलंस?"

अव्वा उठली, भिंतीला हात लावत मधल्या खोलीत गेली. तिथं वैनीची खाट तशीच आहे, पायथ्याच्या खुरांखाली विटा ठेवून उंच केलेली. पाय वर राहिले की अंग आत राहतं म्हणून. अव्वानं त्या विटांकडं जरा वेळ पाहिलं. मग खाटेवर हळूच आडवी झाली, पाय उंच बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, "जाताना दार लोट. कडी लावू नगं."