दादा, बंद कर

मी शाळेत विज्ञान शिकवलं. गावात कुणाच्या अंगात आलं म्हणाले की मी आधी त्याचा ताप बघायला सांगायचे... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही मोताळ्याजवळ राहतो, शेत घराला लागूनच. यजमानांना कंपवात. घास मी भरवायचे, शर्टाची बटणंही मीच लावायचे. शेवटी मुंबईला ऑपरेशन केलं — मेंदूत बारीक तारा, गळ्याखाली कातडीच्या आत बॅटरी. धोके डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. रक्तस्राव, इन्फेक्शन, क्वचित भासही. आम्ही हो म्हणालो. थकलो होतो.

हातांची थरथर थांबली. ते स्वतःच्या हाताने चहा प्यायले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग एका दुपारी म्हणाले, "विलास बोलून राह्यला."

विलास म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून कधीच गेलेला.

"काय म्हणते ते?"

"दादा, बंद कर. एवढंच."

डॉक्टर म्हणाले, तारांतल्या करंटमुळे होतं असं. त्यांनी तो कमी केला. आवाज गेला... आणि थरथर परत आली. पुन्हा घास, पुन्हा बटणं.

"वाढवाले सांग त्याहिले," यजमान म्हणाले. "विलास बोलला तं बोलू दे. मले हात पाहिजे."

"अन् उद्या अजून काही झालं तं?"

"तू किती दिवस भरवशील?"

मी पुन्हा मुंबईची वेळ घेतली. करंट वाढवला.

त्यानंतर एकदा दुपारी ते आत झोपले होते. मी ओसरीवर मेथी निवडत होते. लाईट गेलेली, त्यामुळे सगळं गप्प. आणि माझ्या मागून, अगदी जवळून —

"वहिनी, तुमी तरी बंद करा."

विलासभाऊजींचाच आवाज, जरा बसलेला. वळले. कोणी नव्हतं.

आत धावले. यजमान घोरत होते, हात छातीवर शांत. बॅटरी बंद-चालू करायचा उशाजवळचा रिमोट उचलला, बटणावर बोट ठेवलं... आणि त्या हातांकडे बघत तशीच उभी राहिले. दाबलं नाही.

पुढे बॅटरी, तारा, सगळं तपासून घेतलं. सगळं ठीक. यजमानांना त्या दुपारपासून तो आवाज येत नाही. मला येतो, अधूनमधून. त्यांच्या भासाला निदान कारण तरी होतं. माझ्या डोक्यात कुठली तार?

दर तपासणीला डॉक्टर त्यांना विचारतात, "आवाज येतो का?" ते हसून नाही म्हणतात.

मला कोणी विचारत नाही.