लाटंबार्सेचा फ्लॅश

डिचोली बाजारात कृष्णनाथकाकांकडे बिघडलेला कॅमेरा घेऊन जायचे, तर आधी स्वतःची झडती द्यायची तयारी ठेवावी लागते. हा माणूस कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवतो आणि सुरू होतो. "खरा सांग. कोणी कोणी हात लावलो हेका? काजूचे बोंडू पिळलंस आणि तशाच हातान लेन्स बदललंस?" पेडण्याच्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा लेन्स ओळखायलाच तयार नव्हता, तेव्हा काकांनी नाक जवळ नेऊन जाहीर केले, "फणस." तो बिचारा देवाशपथ नाही म्हणत राहिला. घरी फोन लावला तर बायको म्हणाली, हो, चार गरे त्यांनीच काढून दिले होते. आता बोला!

काकांचे शास्त्र एका ओळीचे आहे. कॅमेरा आणि त्याला जोडायची वस्तू, मग ती लेन्स असो की फ्लॅश, एकमेकांशी बोलतात ती जोडाच्या जागी असलेल्या चार-पाच पिवळ्या धातूच्या ठिपक्यांतून. ठिपक्यांवर घाण बसली, की नवराबायकोने अबोला धरावा तशी दोघे गप्प. दोष शोधायचा तर फ्लॅश दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून बघा, दुसरा फ्लॅश ह्या कॅमेऱ्यावर लावून बघा, कोण रुसलेय ते कळते. मग स्पिरिट, स्वच्छ फडके आणि धीर. कुणी तोंडाने फुंकर मारली असे कळले, तर मात्र काकांचा पारा चढतो. "फुंकर नाय ती, थुंकी!" असे ते इतक्या मोठ्याने ओरडतात, की समोरचा पदेर पावाची टोपली सावरतो.

एवढ्या वर्षांत एकही कॅमेरा त्यांनी 'जमत नाही' म्हणून परत केलेला नाही, ही त्यांची ऐट. लाटंबार्सेच्या दीपाने ती पार धुळीला मिळवली.

दीपाचा नवरा जयवंत लग्नांचे फोटो काढायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. कॅमेरा पडून होता, तो दीपाने हातात घेतला आणि शिकत शिकत गावातली बारशी, मग लग्ने घेऊ लागली. हात चांगला होता तिचा. पण गेल्या दोन लग्नांत ऐन मुहूर्ताला फ्लॅश पेटेना. अक्षता पडताहेत, सगळे हसताहेत, आणि दीपाच्या फोटोत काळोख! तिने कॅमेरा दोनदा काकांकडे आणला. काकांनी फ्लॅश दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावला, पेटला. दुसरा फ्लॅश तिच्या कॅमेऱ्यावर लावला, तोही पेटला. ठिपके पुसले, फ्लॅशच्या पायाच्या स्प्रिंगा दाबून बघितल्या, सगळे झकास. दोन्ही वेळा दुकानात फ्लॅश शंभरदा लखलखला, आणि दोन्ही वेळा लग्नात जाऊन मुका झाला.

तिसऱ्यांदा दीपा आली ती रडवेली होऊन. रविवारी मयेला लग्न होते, गोरज मुहूर्ताचे.

"काका, दीर म्हणता, हा लग्न शेवटचा. परत फ्लॅश गेलो तर कॅमेरा विकून टाकतलो आणि माका काजूच्या फॅक्टरीत धाडतलो. तुझ्या हाताक यश नाय म्हणता."

काकांना दिराचा राग आला, फ्लॅशचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दुकानात पेटतो आणि लग्नात विझतो, म्हणजे दुकान आणि लग्न ह्यांच्या मध्ये कुठेतरी पाणी मुरतेय. मध्ये काय आहे? दीपाचे घर! "रोगी दवाखान्यात बरो दिसता," ते म्हणाले. "माका तो तेच्या घरात बघूक होयो."

रविवारी दुपारी काका स्कूटर हाणत लाटंबार्सेला पोचले. दीपाने कॅमेरा बॅगेतून काढून दाखवला. काकांनी फ्लॅश चढवला, पेटला. पुन्हा दाबला, पेटला. फ्लॅश परत काढून त्यांनी कॅमेरा मेजावर ठेवला आणि दीपाची उलटतपासणी घेतली. फुंकर? नाही. पाऊस? नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवून देतेस? "त्या दोन लग्नांच्या आधी तुम्हीच सांगल्यात ना काका, फ्लॅश काढून वेगळो ठेव म्हणान. तेवापासून काढूनच ठेवतंय." काका खूश झाले. असे गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागते.

दीपा साडी बदलायला आत गेली, काका जनेलापाशी, खिडकीच्या वाऱ्याला, चहा घेत बसले. तेवढ्यात दीपाची सासू, यशोदाबाई, हातात तबक घेऊन आली. तबकात निरांजन, तांदूळ, फूल आणि वाटीत खोबरेल तेलात कालवलेले कुंकू. काकांकडे तिने लक्षही दिले नाही. कॅमेरा उचलून पाटावर ठेवला, ओवाळला, आणि अनामिकेचे बोट वाटीत बुडवून कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश सरकवून बसवायच्या खाचेत, अगदी मधल्या गोल ठिपक्यावर नेमके टेकवले. दाबून. प्रेमाने.

काका चहा टाकून उठले.

"वयनी! ह्या काय करतस गो!"

"देवाचा करतंय," यशोदाबाई म्हणाली. "जयवंत भायर पडायचो तेवापासून करतंय. कामाक जाताना कॅमेऱ्याक टिळो."

"पण तो थंयच कशाक?"

"मग खंय? कंपनीनच टिळ्याक जागा करून दिलेली आसा. बघ ना, कपाळार बरोबर मधी गोल."

दीपा धावत बाहेर आली. पाटावरचा कॅमेरा बघून ओशाळली. "आई प्रत्येक कामाक करतत काका. पण मी वाटेर पुसून टाकतंय हो, ओढणीन! लोकांका लाल दिसता म्हणान."

"लाल पुसतस," काका म्हणाले. "आणि तेल?"

तेल कोण बघतो? त्या मधल्या ठिपक्यातूनच कॅमेरा फ्लॅशला सांगतो, पेट. त्यावर तेलाचा थर, वर ओढणीने घासून तो अगदी एकसारखा पसरवलेला. लग्न आटोपून घरी येईपर्यंत फ्लॅश दहादा काढून-घालून तो घासला जायचा, राहिलेला काकांच्या स्पिरिटने जायचा, आणि दुकानात सगळे झकास.

"पण जयवंताच्या येळार कधी झाला नाय असा," यशोदाबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

काकांनी विचार केला आणि त्यांच्या कानशिलांना घाम फुटला. जयवंत आळशी होता. त्याचा फ्लॅश कायम कॅमेऱ्यावर चढवलेला असे, म्हातारीचा टिळा फ्लॅशच्या पाठीला लागे आणि खाच झाकलेली राही. ती खाच उघडी पाडली कोणी? फ्लॅश काढून ठेव म्हणून दीपाला दम कोणी भरला? काकांनीच! त्यांनी हे कबूल केले, पण इतक्या पुटपुटत, की दीपाला दोनदा विचारावे लागले. मग मात्र ती खळखळून हसली. काकांनाही हसू आले. हसली नाही ती यशोदाबाई.

"म्हणजे हिच्या फोटोत काळोख घातलो तो मीच," ती म्हणाली. "देवाचा नाव घेऊन."

"तसा नाय गो वयनी," काका घाईघाईने म्हणाले. खिशातून स्पिरिटची बाटली काढून त्यांनी ठिपका पुसला, एकदा, दोनदा, तीनदा. फ्लॅश चढवला, बटण दाबले, खोली लख्ख झाली. "बघ, झाला. चुकला माझा, चुकला तुझा, फिटला. टिळो लाव, पण हयसर नको. पट्ट्याक लाव, बॅगेक लाव, खंयय लाव."

यशोदाबाईने बोट पुन्हा वाटीत बुडवले. पट्ट्याकडे बघितले, बॅगेकडे बघितले. बोट तसेच हवेत.

"पट्टो काय काम करता?" ती म्हणाली. "काम कोण करता?"

आणि ते बोट तिने दीपाच्या कपाळावर टेकवले.

दीपा मागे सरली. "आई, माका? लोक काय म्हणतीत?" जयवंत गेला त्या दिवसापासून त्या कपाळाला घरात कोणी बोट लावले नव्हते, आणि यशोदाबाईने तर नाहीच नाही. म्हातारीने दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली, टिळा नीट गोल केला, चार तांदूळ चिकटवले आणि निरांजन उचलून तिला ओवाळले, मुलगा कामाला निघताना ओवाळायची तसेच.

काकांना खूप वाईट वाटत होते आणि खूप बरेही. आयुष्यभर ज्याला त्याला फैलावर घेणारा हा माणूस स्पिरिटची बाटली उघडून बंद करीत, बंद करून उघडीत उभा राहिला.

"बघतस काय असो?" यशोदाबाई त्याच्यावर खेकसली. "स्कूटर काढ! माझ्या लेकीक उशीर झालो."