अनोळखी बाळंतिणीचं देणं

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पळसदरीजवळच्या आमच्या गावात नवरात्राआधी तिच्या देवळाला चुना मारायचं काम मी, धंद्यानं रंगारी, दरवर्षी हौसेनं करायचो. दोन वर्षांपूर्वी पिंपात कळीचा चुना भिजवताना तो उसळून तोंडावर आला. बायकोनं हंडाभर पाणी ओतलं, तरी दोन्ही डोळे गेले. देवीच्याच सेवेत गेले! देवळात आरती सुरू झाली की मी कानांवर हात ठेवायचो. भिंत चाचपत न्हाणीपर्यंत जायचो, आणि ताटात काय वाढलंय ते बायको सांगायची.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डावा डोळा कायमचा गेला. उजव्या बुबुळाच्या कडेला मात्र थोडासा भाग जिवंत आहे. त्यातला कण काढून प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा थर डोळ्यावर बसवायचा. पहिल्या खेपेला पेशी वाढल्याच नाहीत. पुन्हा कण काढायला मी नको म्हणालो. उरलंसुरलं तेही गेलं तर?

बायकोनं बाईंना विचारलं, "ह्या पेशी वाढवता कशावर?"

"वारेच्या पातळ पापुद्र्यावर. बाळंतपणात वार पडते ना, ती काही आया स्वखुशीनं देतात."

"ह्यांच्यासाठी वार दिली ती कोन हाय?"

"सिझर झालेली कुणी बाई. नाव आम्हालाही कळत नाही."

बायको माझा हात दाबून म्हणाली, "अवो, कोन कुठली पोटुशी बाई, पोटावर सुरी फिरायच्या आधी तुमच्यासाठी सही करून गेली. आन् तुमी भिता?"

मी पुन्हा कण काढू द्यायला तयार झालो. ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालो तेव्हा देवीचं नाव तोंडात आलं. मी आणलं नव्हतं.

या खेपेला थर धरला. उजव्या डोळ्याला आता धुरकट दिसतं. माणूस कळतो, चेहरा कळत नाही. याहून जास्त दिसणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. रंगाचं काम सुटलं ते सुटलंच.

देवीनं असं का केलं, ते मला अजून कळलेलं नाही. आता विचारतही नाही. पूर्वी नवस बोलायचो, आता उंबऱ्यात बसून नुसते हात जोडतो, जे येईल ते तिच्यावर सोपवतो. डोळे मिटले की समोर कुणी अनोळखी बाई येते, कडेवर मूल घेतलेली. ते मूल आता चालायला लागलं असेल.