गूळ बेताने

समोरच्या फिलूमावशी दुपारपासून मंद आचेवर डुकराच्या बरगड्या शिजवत होत्या. चिंच-गुळाचा आंबटगोड वास आमच्या ओट्यापर्यंत आला, तशी मी न बोलावता त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

त्यांचे यजमान, आंतोनकाका, आजारातून उठून घरी आलेत, पण गंजीतूनही त्यांच्या बरगड्या दिसतात. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय, प्रोटीन भरपूर द्या. चरबी आणि गूळ बेताने. मावशी रश्श्यावर आलेली चरबी पळीने काढत होत्या, तापातल्या माणसाच्या कपाळावरचा घाम टिपावा तशी, हलक्या हाताने. मला वाटलं, आजार माणसाच्या अंगावरचं किती भराभर ओरबाडून नेतो, आणि ते परत आणायचं म्हटलं की आच अशी मंदच ठेवावी लागते. पातेल्यापाशी उभं राहण्यावाचून काही हातात नसतं.

जेवताना काकांनी एक बरगडी उचलली. मांस हाडावरून अलगद सुटलं. घरी आल्यापासून "नको, पुरे" यापलीकडे न बोललेले काका हाड चोखत म्हणाले, "गूळ कमी पडलाय गं."

इतक्या खटपटीनंतर हे ऐकून मलाच वाईट वाटलं. पण मावशींचा चेहरा उजळला.

"ऐकलंस?" त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "नावं ठेवायला लागले!"

काकांचं वजन वाढलं की नाही, ते काटा सांगेल. मावशींच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं होतं.