पाचव्या नालाचा खिळा

“बाबा, घोडीच्या पायाची नळी तापलीय. मी आत्ताच हात लावून आले.”

“परत जाऊन लाव. आता गार लागेल.”

“बर्फात बुडवलेला पाय गारच लागणार.”

“मग झालं तर. डॉक्टरही हातच लावतो. त्याला काय स्वप्न पडतंय?”

आणि बाप पुन्हा बर्फाची लादी फोडायला लागला. तबेल्यात त्याला सगळे बर्फवाला म्हणतात. शिंगीचा, म्हणजे तरण्या घोडीचा, दुखरा पाय तो असा बर्फाच्या बादलीत धरून बसतो, की शर्यतीआधीच्या तपासणीत ती ठणठणीत ठरते. घोड्यांची निगा राखायच्या याच मोतद्दारकीत त्याचे केस पिकले. लेक इथंच लीद तुडवत वाढली, जॉकी झाली, आणि आज दुपारी शिंग्यांच्या मोठ्या शर्यतीत पहिल्यांदा उतरणार होती. बाप सांभाळत असलेल्याच शिंगीवर.

या शर्यतीचा रिवाज असा, की जिंकलेल्या शिंगीच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल मोतद्दाराला मिळतो. बर्फवाल्याच्या दारावर चार होते. पहिला ऐसपैस, तेव्हा शर्यत तीन वर्षांच्या शिंग्यांची होती, पल्लाही लांब. पुढं मालकांना दम धरवेना. वय दोनवर आलं, पल्ला आखूड झाला. नंतरचे तिन्ही नाल लहान, नाजूक, बांगडीसारखे.

लेकीनं त्यांच्याकडं बोट केलं. “ही दुसरी कुठंय आता?”

“पाय मोडला. मैदानातच गोळी घातली.”

“तिसरी?”

“तेच.”

“आणि चौथी?”

“ती वाचली की. मालकांच्या बंगल्यावर लंगडते, पाहुण्यांना दाखवायला. नशीब काढलं पोरीनं.”

“मी सांगते मालकांना.”

“खुशाल सांग. ते दुसरा जॉकी बसवतील. शिंगी पळणारच. तू मात्र जन्मभर दुसऱ्यांची खोगिरं पुसशील.”

हे खरं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. चौथ्या नालाशेजारी एक नवाकोरा खिळा तिला आत्ता दिसला. ठोकून तयार.

“बाबा, भर वेगात नळी मोडली तर ती तोंडावर आपटेल. मागून बाकीच्या सगळ्या येत असतील.” तिचा आवाज खाली आला. “तिच्या पाठीवर मी असेन.”

बर्फवाल्यानं उरलेला चुरा ओंजळीनं बादलीत भरला. हात पँटीला पुसले. बादली उचलली आणि त्या खिळ्याखालून वाकून शिंगीकडं निघाला.